सहाशे घ्यायला निघालेल्या ताईंनी चारशे का घेतली

ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचं जवळपास ठरलेलं होतं. "अरे, एकशेऐंशी-सहाशे घेतेय. ज्याला विचारावं तो तेच सांगतो. तू फक्त हो म्हण." मी हो म्हणून टाकलं. निकॉनची झेड १८०-६०० (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे, म्हणजे लेन्सच्या पल्ल्याचे; आकडा मोठा तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो) ही खरोखर चांगली लेन्स आहे, २०२३ मध्ये आल्यापासून मी ती अनेकांच्या हातात पाहिली आहे, त्यामुळे हो म्हणायला जड गेलं नाही. या प्रकरणातली पहिली चूक इथेच झाली आणि ती माझी होती. ताईंचा एकही फोटो न पाहता, त्या कुठे बसतात, किती वेळ बसतात, हे न विचारता मी त्यांना दोन किलोंची वस्तू घ्यायला सांगून मोकळा झालो होतो.

फोन ठेवल्यावर चैन पडेना. तासाभराने मीच उलटा फोन केला. "ताई, दोन दिवस थांबा. घ्यायच्या आधी तुमचे फसलेले फोटो दाखवा मला. चांगले नकोत, फसलेलेच हवेत."

आधी ताईंविषयी. वय ५८, शिक्षिका म्हणून निवृत्त, उजव्या खांद्याचं जुनं दुखणं. पक्ष्यांचे फोटो काढायला लागून तीन वर्षं झाली. गाडीतून नाही, पायी फिरतात. पहाटे एका जलाशयाच्या काठाने चालायचं, ठरलेल्या दोन-तीन जागी छोट्या स्टुलावर बसायचं आणि ऊन चढलं की परत. कॅमेरा निकॉन झेड६ थ्री, म्हणजे २०२४ मध्ये आलेला २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम मिररलेस. लेन्स मात्र एका स्नेह्यांकडून मागून आणलेली, डीएसएलआरच्या काळातली २००-५०० एफ/५.६, अडॅप्टर लावून (एफ आकडा म्हणजे लेन्स किती उघडते त्याचं माप; आकडा लहान तितकी जास्त उघडते). तक्रार एकाच वाक्यात होती: "पक्षी लहान येतो आणि मऊ येतो, म्हणून पल्ला वाढवायचाय."

पैशाची बाजू ताईंनी स्वतः पाहिली. या टिपणात ती धरलेली नाही.

फसलेल्या फोटोंचे ढीग

ताई काहीच पुसून टाकत नाहीत. एरवी मी त्यावरून त्यांना बोलतो, पण या वेळी ती सवय देवासारखी धावून आली. एका दुपारी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो आणि सहा महिन्यांतले टाकाऊ फोटो कारणाप्रमाणे वेगळे करत गेलो. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न: हा का फसला?

पहिला ढीग लांबच्या बदकांचा. पाण्याच्या मधोमध, ऊन वर आल्यावर काढलेले. एकही पीस धड दिसत नव्हतं, कडा पाण्यावरच्या सावलीसारख्या हलत होत्या. हा लेन्सचा दोष नाही. तापलेल्या हवेचे थर मध्ये आले की प्रकाश वेडावाकडा वळत येतो, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते. पाचशेने जे मऊ आलं ते सहाशेने मोठं आणि मऊ आलं असतं. हा ढीग कुठल्याच खरेदीने कमी होणार नव्हता.

दुसरा ढीग पाहून मी ताईंचा कॅमेरा मागितला. खंड्या फांदीवर बसलेला, उजेड बेताचा, आणि प्रत्येक फोटोत डोळ्याजवळ बारीक सारवल्यासारखं. शटर स्पीड पाहिला: १/२०० सेकंद, १/१६०, एके ठिकाणी १/१२५. खंड्या बसलेला असला तरी स्वस्थ नसतो, मान सारखी झटकत असतो. एवढ्या कमी वेगात ती मान गोठत नाही. लेन्समधली थरथर-रोधक यंत्रणा आपला हात सांभाळते, पक्ष्याची मान नाही. पण ताईंनी किमान वेग १/१००० ठेवला होता, मग हा एवढा खाली आला कसा? मेनूत शिरल्यावर कारण सापडलं. ऑटो आयएसओची, म्हणजे कमी उजेडात कॅमेरा आपणहून वाढवतो त्या संवेदनशीलतेची, कमाल मर्यादा ३२०० वर अडकवलेली होती. पहाटेच्या उजेडात आयएसओ ३२०० ला पोचला की कॅमेऱ्याकडे वेग उतरवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही, मग किमान वेग काही का ठेवलेला असेना.

"कोणीतरी सांगितलं होतं, त्याच्यावर गेलं की दाणे येतात," ताई म्हणाल्या.

दाणे येतातच. पण दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बरेचसे काढता येतात, हललेली मान काही केल्या स्थिर होत नाही. मर्यादा १२८०० केली. या एका बदलाने त्यांच्या तक्रारीतलं 'मऊ' जवळजवळ निम्मं संपलं, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागलं नाही. लेन्स बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हा एक आकडा पाहावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तिसरा ढीग खरोखर लहान आलेल्या पक्ष्यांचा होता. शार्प, पण लहान. हा सगळ्यात छोटा निघाला.

आणि चौथा, सगळ्यात मोठा. फांदी, स्वच्छ, शार्प, रिकामी. पुन्हा फांदी. पुन्हा फांदी, या वेळी खाली पाण्यात वर्तुळं. आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मग ताईच म्हणाल्या, "हात भरून येतो रे. अर्ध्या मिनिटात खाली ठेवावा लागतो. आणि तो नेमका तेव्हाच उडी मारतो."

मागून आणलेली २००-५०० कॉलरसकट (कॉलर म्हणजे लेन्स ट्रायपॉडला लावायची कडी) २३०० ग्रॅम. त्यात बॉडी ७६० आणि अडॅप्टर सव्वाशे. म्हणजे दुखऱ्या खांद्यावर जवळजवळ ३.२ किलो. मी ज्या लेन्सला हो म्हटलं होतं ती १८०-६०० कॉलरसकट २१४० ग्रॅम, बॉडीसह २.९ किलो. त्यांचा खरा प्रश्न तसाच राहून फक्त पाव किलो कमी झालं असतं.

पक्षी किती लांब बसतो?

'पल्ला कमी पडतो' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, पण पक्षी नेमका किती लांब होता हे विचारलं तर उत्तर नसतं. ते फोटोवरूनच काढता येतं. खंड्या, म्हणजे लहान निळा खंड्या, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर. ताईंच्या एका फोटोत तो आडवा, पूर्ण बाजूने बसलेला होता. फोटोत त्याची लांबी मोजली, सुमारे १५०० पिक्सेल भरली. त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जवळपास ३६ मिलिमीटर रुंद आणि त्यात ६०४८ पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण १६८. तेव्हा सेन्सरवर पक्षी ८.९ मिलिमीटरचा. लेन्स ५०० मिलिमीटरवर. ५०० गुणिले १६० भागिले ८.९, उत्तर सुमारे ९००० मिलिमीटर. नऊ मीटर.

नऊ मीटर काही लांब नाही. ताईंची बसायची जागा उत्तम आहे आणि पक्ष्याला त्यांची सवय झाली आहे, हे त्या आकड्याने सांगितलं.

हाच हिशेब उलटा फिरवला. नऊ मीटरवर हाच खंड्या ६०० ला सुमारे १८०० पिक्सेलचा येईल, ५६० ला (म्हणजे ४०० च्या लेन्सला पल्ला १.४ पट करणारा कन्व्हर्टर लावला तर) १६८०, ४०० ला १२००. ताई ए४ आकाराचे प्रिंट काढून भिंतीवर लावतात. त्या प्रिंटला लांबीच्या बाजूने साधारण ३५०० पिक्सेल लागतात. म्हणजे ४०० ने काढून क्रॉप केला तरी पक्षी प्रिंटच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. फांदी, पाणी, थोडी मोकळी जागा धरली तर मला तरी तोच आकार शोभतो.

दुसरा नेहमीचा पाहुणा राखी बगळा. तो मान ताठ करून उभा राहिला की साधारण ९० सेंटिमीटरचा, आणि ताईंच्या दुसऱ्या जागी तो बाराएक मीटरपर्यंत येतो. तिथे ६०० ला त्याची सेन्सरवरची उंची ४५ मिलिमीटर. सेन्सर उभा धरला तरी ३६. बगळा मावतच नाही. ४०० ला ३० मिलिमीटर, उभ्या फ्रेममध्ये वर-खाली थोडी हवा ठेवून बसतो. पल्ला वाढवून आपण काय गमावतो हे त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

कोणकोणत्या लेन्स समोर ठेवल्या

चार पर्याय उरले. १८०-६०० एफ/५.६-६.३. १००-४०० एफ/४.५-५.६, कॉलरसकट १४३५ ग्रॅम. २०२२ मध्ये आलेली ४०० एफ/४.५ प्राइम (म्हणजे झूम नसलेली), कॉलरसकट १२४५ ग्रॅम, जोडीला २२० ग्रॅमचा १.४ पट टेलिकन्व्हर्टर. आणि ६०० एफ/६.३ पीएफ, १४७० ग्रॅम.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण नवख्यांनाच काय, जुन्या माणसांनाही ती चकवते. आपण एफ आकडा पाहतो आणि '४.५ मोठं, ६.३ लहान' म्हणून थांबतो. पण पक्षी तोच आणि अंतर तेच असताना त्याच्या अंगावरून येणारा किती प्रकाश आपण गोळा करतो, हे ठरवते ती लेन्सची खिडकी. फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागलं की तिचा व्यास मिळतो. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. ४०० भागिले ४.५ म्हणजे ८९. ताईंची मागून आणलेली ५०० भागिले ५.६, तीही ८९. आणि १००-४०० ची खिडकी ४०० ला ५.६ धरून फक्त ७१.

याचा अर्थ असा की ४०० एफ/४.५ चा फोटो क्रॉप करून सहाशेएवढा केला, तर त्यातले दाणे सहाशेच्या फोटोपेक्षा किंचितच जास्त असतील, कारण दोन्ही खिडक्या जवळपास सारख्या. पार्श्वभूमी धूसर होण्याचंही तेच. १००-४०० मात्र इथे मागे पडते. पहाटेच्या उजेडात ७१ आणि ८९ मधला फरक क्षेत्रफळाने दीडपटीहून थोडा जास्त आहे. ती लेन्स फुलपाखरांपासून हरणांपर्यंत सगळ्याला पुरते, माझी स्वतःची आवडती आहे, पण ताईंचं काम पहाटेचं होतं. ती यादीतून गेली.

म्हणजे ४०० एफ/४.५ घेतली तर ताईंना जुन्या लेन्सएवढीच खिडकी मिळत होती, आणि खांद्यावरचा भार बॉडी धरून ३.२ किलोंवरून दोन किलोंवर येत होता. कन्व्हर्टर लावला की २.२.

६०० पीएफशी मात्र खरी चुरस झाली. बॉडीसकट तीही २.२ किलोच. कन्व्हर्टरशिवाय थेट ६००, आणि ५६० पेक्षा चित्र थोडं करकरीत. फक्त पल्ल्याचा प्रश्न असता तर मी डोळे झाकून तीच सुचवली असती. पण ५६० आणि ६०० मधलं अंतर किती? नऊ मीटरवर स्टूल साठ सेंटिमीटर पुढे सरकवलं की भरून निघतं. बगळा तिच्यात मावत नव्हता. तिचं जवळात जवळचं फोकस चार मीटर, ४०० चं अडीच. आणि ताईंची मुख्य जागा अशी की सूर्य समोरून, पाण्यावरून चमकत येतो. पीएफ लेन्सला हलकं ठेवतो तो तिच्यातला खास खोबण्यांचा काचभाग, आणि झगझगीत प्रकाश समोरून आला तर तोच कधीकधी रंगीत वलयं दाखवतो. रोज जिथे बसायचं तिथेच हा धोका नको वाटला.

दोन पहाटा

कागदावर काहीही दिसो, लेन्स हातात धरल्याशिवाय घेऊ नये. १८०-६०० आणि कन्व्हर्टरसह ४०० अशा दोन्ही भाड्याने आणल्या आणि लागोपाठ दोन दिवस पहाटे गेलो.

पहिल्या दिवशी १८०-६००. तिचं कौतुक करायलाच हवं. झूम आतल्या आत होतं, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल बिघडत नाही. चौथाई वळशाहूनही कमी फिरवलं की १८० वरून ६०० ला. ताईंनी पहिल्याच मिनिटात खंड्याच्या डोळ्यावर फोकस धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. मी घड्याळ लावून बसलो होतो. चाळिसाव्या सेकंदाला हूडचं, म्हणजे लेन्सच्या पुढच्या आवरणाचं, टोक हलायला लागलं. पन्नासाव्या सेकंदाला ताईंनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, त्याबरोबर फ्रेम खाली गेली. सव्वा मिनिटाने कॅमेरा मांडीवर. खंड्या तसाच बसलेला. ताई खांदा दाबत होत्या, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी ४००, कन्व्हर्टर न लावता. दोन मिनिटं झाली, अडीच झाली, हूड स्थिर. तिसऱ्या मिनिटात खंड्याने मान खाली घातली, आणि ताईंनी शटर दाबलं तेव्हा तो निघूनही गेलेला होता. तरी फोटो मिळाला.

तो कसा मिळाला हे मिररलेसच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. झेड६ थ्रीमध्ये प्री-रिलीज कॅप्चर आहे. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा सतत फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम कार्डावर उतरवतो. फाइल जेपेगच मिळते, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) नाही, ही मर्यादा लक्षात ठेवायची. या सोयीमुळे माणसाचा हात हळू चालला तरी भागतं. पण एक अट आहे: तो आधीचा सेकंद कॅमेरा फांदीवर रोखलेला असायला हवा. मांडीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात मागचा सेकंद साठतो तो मांडीचा. म्हणजे ही सोय आल्यापासून लेन्सचं वजन पूर्वीपेक्षा जास्त मोजायला लागलं आहे, कारण आता बक्षीस चपळतेला कमी आणि धरून राहण्याला जास्त आहे. मोनोपॉडचा विचार केला होता. काठावरच्या चिखलात तो रुततो आणि खंड्याच्या मागे फिरवायला ताईंना अवघड गेलं, म्हणून सोडला.

त्या सकाळी परतताना ताई म्हणाल्या, "पल्ला कमी झाला असं वाटलंच नाही." मी पल्ल्याविषयी काही बोललो नाही. हिशेब त्यांनीही पाहिला होता.

सहा महिन्यांनंतर

त्यांनी ४०० एफ/४.५ आणि कन्व्हर्टर घेतला. सगळं सोन्यासारखं झालं असं नाही.

कन्व्हर्टर काढ-घाल करणं हे काठावरचं काम नव्हे. धुकं होतं, हात ओले होते, आणि घाईत बदलताना आत धूळ गेली. आठवडाभर प्रत्येक फोटोच्या आकाशात तोच एक ठिपका. आता काय लावायचं ते ताई घरून निघतानाच ठरवतात आणि मध्ये बदलत नाहीत. एकदा कन्व्हर्टर लावलेला असताना बगळा नेहमीपेक्षा जवळ आला, मोठा मासा चोचीत आडवा धरून. ५६० ला फ्रेममध्ये फक्त चोच, डोळा आणि अर्धी मान. ताईंना तो फोटो गेल्याचं दुःख आहे. झूम असती तर मिळाला असता, आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं. उंच घिरट्या घालणारे शिकारी पक्षीही लहानच येतात. पाण्यामधली बदकं त्यांनी आता ऊन चढल्यावर काढणंच सोडलं.

वेगळ्या माणसाला मी वेगळं सांगितलं असतं. गाडीच्या खिडकीवर बीनबॅग टाकून बसणाऱ्याला वजनाची फिकीर नसते, त्याला १८०-६००, किंवा सोनी असेल तर २००-६००, याहून शहाणी निवड मला सुचत नाही. फक्त गाडीतली हवा आणि बाहेरची हवा एकाच तापमानाची होऊ द्यायची, नाहीतर खिडकीपाशीच थरथर सुरू होते. कॅननवाल्याचा उजेड भरपूर असेल तर २००-८०० चा पल्ला मोहात पाडणारा आहे, पण ८०० ला ती एफ/९ होते आणि वजन दोन किलोंच्या वर जातं. पायी हिंडणाऱ्या कॅननवाल्याला मी १००-५०० हातात घेऊन पाहायला सांगेन. ४५ मेगापिक्सेलची बॉडी असेल तर क्रॉपला आणखी जागा मिळते: नऊ मीटरवरचा तोच खंड्या ४०० नेही सोळाशे पिक्सेलच्या पुढे जातो. पण यातलं काहीही ठरवण्याआधी मी त्यांच्याकडेही फसलेल्या फोटोंचा फोल्डर मागेन.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोटो आला, सोबत एक शब्द नाही. १/३२००, एफ/४.५, आयएसओ ५०००. वर फांदी रिकामी आहे. तिच्या खाली, पाण्यापासून वीतभर वर, पंख अंगाशी घट्ट आवळलेला खंड्या, चोच सरळ पाण्याकडे. मोठा करून पाहिला तर चोचीची खालची बाजू नारिंगी दिसते. मादी आहे.